डावखुरी रेघ

अंबड लिंक रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये
जीप उभी होती चार ठोकळ्यांवर, चाकं काढलेली.
त्र्याऐंशीचं मॉडेल. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याची;
सीटखाली अजून पेट्यांचे खिळे सापडत होते
आणि एक बेदाणा, खडा झालेला.

मी मागच्या ॲक्सलवर रॉकेलचा बोळा फिरवत होतो.
चाळीस वर्षांचं ग्रीस, त्याखाली काहीतरी पिवळं.
कुणाच्या पूजेची हळद असेल म्हणून घासलं,
निघेना.
बोल्टच्या डोक्यावरून निघून
थेट हाउसिंगवर उतरलेली रेघ,
नखाएवढी,
कुठेही न तुटलेली.

म्हणजे त्या दिवसानंतर
ह्या बोल्टला पाना लागलेलाच नाही.
डोकं केसभर जरी फिरलं असतं
तरी रेघेचे दोन तुकडे झाले असते.
स्टिअरिंगवर पांढरा ठिपका, पाट्यांना हिरवा,
ते हात वेगळे.
इथे मात्र दहाच्या दहा रेघा
उलट्या बाजूला कललेल्या.

मालक कॉलेज रोडचा दंतवैद्य.
म्हणाला, खुणा ओरिजिनल दिसल्या पाहिजेत,
फेब्रुवारीत प्रदर्शन आहे,
परीक्षक खाली आडवे होऊन बघतात.
मी म्हटलं, सील गेलंय डॉक्टर, उघडावं तर लागेलच.

पहिली रेघ तुटली तेव्हा आवाज काहीच आला नाही.
मीच जरा थांबलो.
उरलेल्या नऊ भराभर.

मग सातपूरच्या एका टपरीवर विचारलं,
रंग लावणारा डावखुरा कोण होता हो त्या वेळी?
चहावाला आतल्या बाकाकडे वळून ओरडला.
बाकावरून उत्तर आलं: सुकदेव धात्रक. सिडको, पाचवी स्कीम.
पण त्याला आता सकाळीच न्या, दुपारी झोपतो.

पुतण्याच्या स्कूटरवरून आला, स्वेटर, कानटोपी.
गाडीकडे बघितलंच नाही.
माझ्या हातातला नवा ब्रश बघून म्हणाला,
हे काय, लग्नातलं रुखवत रंगवायचंय?
आइस्क्रीमची काडी आण.
मग काडी दातांनी चेचत, मध्येच,
ह्याच हातावर गुरुजींनी पट्ट्या ओढल्या होत्या, बरं का.
कंपनीत साहेब लांबूनच ओळखायचा, हे धात्रकचं.

रंगाचा डबा उघडला तर म्हणाला, आधी पाना.
अहो, मी टाइट केलेत सगळे.
तू केलेत. रेघ माझी आहे.

पाना धरला त्यानं, पण मनगट थरथरलं,
दांडा निम्म्यावर अडला.
काही न बोलता माझ्या हातात दिला
आणि स्वतः वाकून कान लावला लोखंडाला.
ओढ.
कट्.
हूं.
ओढ.
कट्.
चौथ्याला मान हलवली. हा खोटं बोलला. काढ.
काढला. वॉशरखाली वाळूचा एक कण,
मोहरीपेक्षा बारीक.

संध्याकाळी दंतवैद्य मोबाइल घेऊन खाली वाकला.
रेघा थोड्या वाकड्या वाटतात, काका.
फोटोत बघा किती सरळ आहेत.
धात्रक काडी पुसत होता.
फोटोतल्या बोल्टांची जबाबदारी माझी नाही, म्हणाला.

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, बिनसाखरेचा.
जाताना भंगाराच्या ट्रेमध्ये हात घालून
जुन्या दहांतला एक उचलला,
डोक्यावर अर्धी पिवळी रेघ.
आणि खालची अर्धी?

मी थिनरच्या ड्रमाकडे बोट दाखवलं.
हाउसिंग परवाच बुडवून काढलं होतं,
चांगलं पांढरं होईपर्यंत.

त्यानं ड्रममध्ये एकदा डोकावून पाहिलं.
बोल्ट स्वेटरच्या खिशात टाकला
आणि पुतण्याला म्हणाला,
चल, मला झोप येतेय.